गडद सावलीसाठी ग्राफाइट घ्यायची की चारकोल पेन्सिल?

विषय वेरूळच्या कैलास लेण्याचा असेल, तर चारकोल पेन्सिल घ्या. जोत्यातल्या हत्तींच्या पायांमागे जो अंधार दिसतो, तो साध्या, म्हणजे ग्राफाइटच्या पेन्सिलीतून निघत नाही. ८बी ही अगदी मऊ, काळी पेन्सिल कितीही घासा, तिथे करडी चमकच येते. दाब वाढला की ग्राफाइटचे कण कागदावर आडवे दबतात आणि उजेड परत फेकतात. कागद खिडकीकडे जरा तिरका धरा, सगळ्यात काळी जागाच पांढरट दिसेल. चारकोलला ही चमक नसते.

बीबी का मकबरा किंवा पितळी तांब्या काढायचा असेल, तर मात्र ग्राफाइटच. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावरच्या फिकट छटा २एच (कडक, फिकट), एचबी (मधली) आणि २बी (मऊ, गडद) नीट सांभाळतात. चारकोल तिथे चटकन मळकट होतो. तांब्याची पडछाया बुडाशी ४बीने, कडा धारदार ठेवून भरा. पुढे सरकेल तशी २बीने फिकट आणि मऊ करा. सारखीच काळी भरली, तर तांब्याशेजारी खड्डा पडल्यासारखा वाटतो. अंधाऱ्या बाजूच्या अगदी कडेला टेबलावरून उसळलेल्या उजेडाची पुसट पट्टी राहू द्या. गोलाई तिच्यामुळेच दिसते, आणि नवशिके नेमकी तीच बुजवतात.

खोडण्यात ग्राफाइट सोपी. चारकोल बोटाने चोळला की खरखरीत कागदात मुरतो, मग पांढरा परत मिळत नाही. म्हणून उजळ जागा आधीच कोऱ्या सोडा. चूक झालीच तर कणकेसारखा मळता येणारा मऊ रबर दाबून उचला, घासू नका. चारकोल पेन्सिलीचं टोक ब्लेडने काढा, शार्पनरमध्ये कांडी तुटते. मे महिन्यात तर घामेजला पंजाच अर्धं चित्र पुसतो, हाताखाली कोरा कागद हवाच. शेवटी फिक्सेटिव्हचे (चित्र पुसू नये म्हणून मारायच्या फवाऱ्याचे) दोन हलके थर, साधारण ३० सेंमीवरून. जवळून मारलात तर डाग पडतात.

कागद दोन्हींना १५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) पुढचा घ्या. चारकोलला खरखरीत, गुळगुळीतवर तो टिकत नाही.

दोन्ही एकाच चित्रात वापरता येतात, पण एकाच जागी नाही. चकचकीत ग्राफाइटवर चारकोल घसरतो. अंधाराची जागा आधी ठरवा आणि तिथे ग्राफाइट लावूच नका. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे लांब सावल्या हव्या असतील तर दुपार कलल्यावर बसा. मंगळवारी लेणी बंद असतात.