लांब दांड्याचा १५ एमएम पायडल पाना: सायकली पॅक करायला माणसं जमवत असाल तर घ्याच

आधीच सांगते, मी मेकॅनिक नाही. दान आलेल्या जुन्या सायकली परदेशी पाठवतात ना, त्या पॅक करायला व्हॉलंटियर जमवायचे आणि त्यांना कामाला लावायचं हे माझ्याकडे असतं, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या नजरेतून वाचा. मेकॅनिकला काय हो, कुठलाही पाना द्या, त्याचा हात बसलेला असतो. प्रश्न असतो तो आयुष्यात कधी पाना न धरलेल्यांचा, आणि सुट्टीच्या दिवशी उत्साहाने मदतीला येतात ते बहुतेक तेच.

४० फुटी कंटेनरमधे साधारण ४५० ते ५०० सायकली बसतात, पण त्या अशाच उभ्या केल्या तर नाही. हँडल सैल करून चाकाच्या रेषेत वळवायचं, सीट पार खाली घालायची आणि पायडलं काढायची, मग सायकल एवढी चपटी होते की एकीत एक अडकवून रचता येते. पायडल तसंच राहिलं तर जागा खातं ते खातंच, वर शेजारच्या सायकलीच्या स्पोकमधे घुसून बसतं. आता ५०० सायकली म्हणजे १००० पायडलं, त्यातली अर्धी उलट्या आट्यांची! डावं पायडल चालवता चालवता आपोआप सुटू नये म्हणून त्याचे आटे उलटे असतात, आणि हे ज्याला माहीत नाही तो बिचारा सोडवतोय असं समजून जीव खाऊन घट्ट करत बसतो.

तर पाना. साधा पाना जाड असतो, पायडल आणि क्रँकच्या (पायडल ज्या दांडीला बसवलेलं असतं ती) फटीत नीट शिरतच नाही. ॲडजस्टेबल पाना तर या कामाला नकोच, घसरतो आणि पायडलच्या कडा गोल करून ठेवतो, मग ते पायडल कोणाच्या बापाला निघत नाही. पायडल पान्याचं तोंड पातळ आणि दांडा चांगला लांब, त्यामुळे गंजलेलं पायडलही बारीक अंगाच्या माणसाकडून निघतं, ताकद लावायला दांडगा गडी शोधत फिरावं लागत नाही. माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा फायदा, कारण नाहीतर अख्ख्या टीममधे दोघंतिघं घाम गाळतात आणि बाकीचे चहा पीत गप्पा मारतात.

पण नुसता पाना हातात देऊन भागत नाही. डावं-उजवं, घड्याळाच्या दिशेने-उलट असलं काही समजावत बसू नका, पाच मिनिटांत सगळे विसरतात. एकच सांगा: पाना पायडलवर असा लावा की दांडा वर येईल, आणि मग तो मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही बाजूंना हेच, उलटे आटे डोक्यात ठेवायची गरजच नाही. दुसऱ्याने पलीकडचा क्रँक घट्ट धरायचा, नाहीतर क्रँकच गरागरा फिरतो. चेन मोठ्या चक्रावर चढवून ठेवा म्हणजे पाना सटकला तरी बोटं दात्यांवर आपटणार नाहीत. आणि फारच गंजलेल्या असतील त्या सायकलींना आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा, सकाळी मारून लगेच पाना लावण्यात अर्थ नाही.

आता तक्रारी. मी घेतलेल्या पान्याची मूठ प्लॅस्टिकची आहे, हाताला ऑइल लागलं की घसरते, मी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीये. दुसरं म्हणजे काही पायडलांना पाना बसायला कडाच नसतात, क्रँकच्या आतल्या बाजूने ६ किंवा ८ एमएमची ॲलन की (षटकोनी टोकाची वाकडी चावी) घालावी लागते, तिथे हा पाना निव्वळ शोभेचा. (नियम तिथेही तोच, दांडा वर घेऊन मागे ढकला.) आणि एक पाना घेऊन काहीही होत नाही, दोन माणसांच्या प्रत्येक जोडीला एक हवा, नाहीतर रांग लागते.

काढलेली पायडलं एका पोत्यात टाकू नका प्लीज!! जोडी पिशवीत घालून त्याच सायकलीच्या फ्रेमला बांधा, नाहीतर तिकडे सायकल उतरवणाऱ्या माणसाने त्या ढिगातून जोड्या शोधायच्या कशा, आणि लहान मुलांच्या काही सायकलींच्या पायडलांचे आटे तर मापालाच वेगळे असतात. यासाठी एक माणूस वेगळाच ठेवा, शक्यतो चिकट स्वभावाचा, ज्याला पिशवी बांधल्याशिवाय सायकल पुढे जाऊ देववत नाही असा.

५ पैकी ४. एक मार्क मुठीचा कापला.