फॉरमॅट न मारता लॅपटॉप सुरू झाला (नौपाडा, ठाणे)

गोखले रोडच्या मागच्या गल्लीतलं हे दुरुस्तीचं दुकान. ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम) आहे, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

मी घरून मुद्रितशोधन करते. लॅपटॉपची बॅटरी बसलेली, त्यामुळे तो चार्जरवरच चालतो. अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली आणि परत आल्यावर काळ्या पडद्यावर नुसतं 'कर्नल पॅनिक', म्हणजे सिस्टिमचा गाभा असलेला कर्नलच अडकून बंद पडलेला. आधी जिथे नेला तिथे दोन मिनिटांत सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल." आत एका दिवाळी अंकाच्या तीन फॉर्म्यांच्या दुरुस्त्या होत्या. लॅपटॉप उचलला आणि निघाले.

इथल्या दादांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, डिस्कला पासवर्ड लावलाय?" नव्हता. मग पेनड्राइव्हवरून दुसरं उबुंटू चालू करून त्यांनी माझी डिस्क एका फोल्डरला जोडली. डेव्ह, प्रॉक, सिस हे हार्डवेअरची आणि चालू सिस्टिमची माहिती देणारे तीन फोल्डरही त्यात आणून जोडले आणि कमांड दिली: सीएचरूट.

म्हणजे काय, हे त्यांनी हातातलं काम थांबवून सांगितलं. प्रत्येक प्रोसेसचं (चालू असलेल्या प्रोग्रामचं) एक मूळ फोल्डर असतं. फाइलचा पूर्ण पत्ता तिथूनच मोजला जातो. या कमांडने ते मूळ माझ्या डिस्कवर आणलं. आता त्या खिडकीत जे टाइप होईल ते माझ्याच सिस्टिमला लागू, कर्नल मात्र पेनड्राइव्हचाच. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून ही सोय आहे! मग अनोळखी सॉफ्टवेअर असंच कोंडून चालवता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी ठाम नाही म्हटलं: रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार असलेली प्रोसेस यातून बाहेर पडू शकते, याच्यावर कुलूप म्हणून विसंबू नका.

मग अपडेटमधली अर्धवट राहिलेली पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे संच) पूर्ण केली, इनिटरॅमएफएस (सुरू होताना कर्नलला लागणारी फाइल) आणि ग्रबची (लॅपटॉप लावल्यावर सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) यादी नव्याने बनवली. पाऊण तासात माझा नेहमीचा डेस्कटॉप समोर, फाइली जिथल्या तिथे. मला भरून आलं.

७०० रुपये घेतले. बसायला एकच स्टूल आहे, आणि पावती मागितल्यावरच मिळते. ती आपणहून द्यायला हवी. पण त्याच पावतीच्या मागे त्यांनी सगळ्या कमांड क्रमाने लिहून दिल्या. बॅटरीही आता तिथेच बदलून घेणार आहे, येत्या शनिवारी.