जिओजेब्रा की मॅनिम?

वर्गात साइनचा आलेख दाखवायचा असला की मी डोळे झाकून जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर उघडतो. स्लायडर ओढला की लाट फुगते, आकसते. मागच्या बाकावरून ‘सर, उलटी करा ना’ असा आवाज येतो आणि तिथल्या तिथे ती उलटीही होते. मोबाइलवरसुद्धा चालतं, हे विशेष.

मॅनिमचं तसं नाही. यूट्यूबवर गणित समजावणारे ग्रँट सँडरसन यांनी स्वतःच्या व्हिडिओंसाठी लिहिलेली ही पायथन लायब्ररी, म्हणजे कोड लिहून ॲनिमेशन करायचं साधन. साधं वर्तुळ काढायचं तरी कोड लिहा, मग त्याचा व्हिडिओ रेंडर होईपर्यंत चहा घ्या. एक कंस राहिला की बसा शोधत! पण ‘ट्रान्सफॉर्म’ लावल्यावर वर्तुळ ज्या अलगदपणे चौरसात उतरतं, ती सफाई जिओजेब्रात मला कधी जमली नाही. यूट्यूबसाठी मॅनिमच. तास उद्या सकाळी असेल, तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका.