अण्णांचा स्कोअर वाढतच होता

अण्णा 76 वर्षांचे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून ते खाली भाजी आणायला निघून गेले. पातेल्याचा कोळसा झाला. त्यानंतर महिन्याभरात ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये मोफत स्मरणशक्ती तपासणीचं शिबिर लागलं आणि आम्ही आपणहून जाळ्यात गेलो.

तपासणी म्हणजे काय, तर टॅबलेटवर पिवळा पक्षी दिसला की त्याच्यावर बोट लावायचं. मागे चहाचे कप वाजतायत, माइकवर सूचना चाललेल्या, अण्णांचा वाचायचा चष्मा घरी. शंभरात 38. पांढऱ्या कोटातली मुलगी मला म्हणाली, "ताई, आत्ता लक्ष दिलं नाहीत तर दोन वर्षांत काका तुम्हाला ओळखायचे नाहीत." तेही अण्णांच्या देखत! तो कोट कशाचा, हे विचारायचं मला सुचलंच नाही. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या खेळांचा, टॅबलेटसकट वर्षाचा कोर्स 48 हजार, आज भरले तर 42. मी तिथेच यूपीआय केलं.

अण्णा रोज आंघोळ उरकून टॅबलेट घेऊन बसायचे. 38 चे 61 झाले, 61 चे 84. घरच्या ग्रुपवर अंगठेच अंगठे. बीपीची गोळी मात्र दोनदा घेणं चालूच होतं. एकदा 88 मिळवून उठले, तेव्हा मोरीतला नळ तासभर वाहत होता.

मग एक दिवस माझ्या मुलाने गंमत म्हणून डोळे मिटून वाटेल तिथे बोटं मारली. 89. दुसऱ्या दिवशी तसंच केलं, 91. आकडा उत्तरांवर नाही, तारखेवर वाढत होता.

पैसे परत मागितले तर "साठ सेशन वापरलीत की" असं उत्तर. पावती काढून पाहिली, तर तिच्यावर 'शैक्षणिक साहित्य' एवढंच. उपचार हा शब्द सगळा तोंडी. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, अजून निकाल नाही.

असे खेळ म्हणजे निव्वळ थोतांड, असंही नाही. म्हणून तर माणूस फसतो. शिबिरवाल्यांच्या पत्रकात अमेरिकेतल्या 'ॲक्टिव्ह' या संशोधन-चाचणीचं नाव होतं. ती खरी आहे. 65 च्या पुढच्या 2,800 हून जास्त लोकांवर झाली, 2002 मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्याचा सराव केला त्यात लोक सुधारले. पटकन पाहून ओळखण्याचा सराव केलेल्यांचा तो वेग वाढला, स्मरणशक्ती नाही. रोजच्या कामांत दोन वर्षांनंतरही फरक दिसला नव्हता. हे पत्रकात कशाला छापतील? आणि चाचणीतलं प्रशिक्षण वेगळं, आमचा पिवळा पक्षी वेगळा. तिकडे मेंदूचे खेळ विकणाऱ्या 'लुमोसिटी'सारख्या नावाजलेल्या कंपनीलाही विसरभोळेपणा लांबणीवर टाकण्याचे दावे भोवले. 2016 मध्ये सरकारशी तडजोड करून 20 लाख डॉलर भरावे लागले.

आम्ही आधी करायला हवं होतं ते शेवटी केलं, डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बी-12, थायरॉईड आणि कान तपासायला सांगितले. बी-12 फारच कमी निघालं. इंजेक्शनं चालू आहेत. किती फरक पडेल ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत, आणि मला त्यांचं तेच पटलं.

परवा शेजारच्या कॉलनीच्या फलकावर तेच पत्रक दिसलं, तोच पिवळा पक्षी. तिथल्या सचिवांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, पटतंय हो, पण हॉलचं भाडं त्यांनी आगाऊ भरलंय."