कॅम्पसचे दिवस सलग करू की वीकेंडला?

डिस्टन्सने स्पोर्ट सायन्स करताय, नोकरी आहे, आणि कॅम्पसच्या प्रॅक्टिकलला सलग आठवडा की सुटे वीकेंड यात अडकलात, तर माझं मत सांगते.

खर्चात सलग आठवडा स्वस्त पडतो, प्रवास एकदाच, पण सुट्टी एकदम लागते. वीकेंडला सुट्टी वाचते आणि प्रवास मात्र दर वेळी.

खरा फरक हाताच्या सवयीत पडतो. स्किनफोल्ड, म्हणजे शरीरातल्या चरबीचा अंदाज घ्यायला त्वचेच्या घडीची जाडी, घेताना चिमटीत त्वचा नीट धरायची, कॅलिपर (जाडी मोजायचं चिमट्यासारखं साधन) लावून 2 सेकंदांनी रीडिंग घ्यायचं, तीच जागा परत मोजायची, आणि आधी तर दोन्ही रीडिंग जुळतच नाहीत! हे आठवड्यात समजतं पण हातात बसत नाही, मधे घरी सराव झाला तर बसतं. व्हीओटू मॅक्सची (जोरदार व्यायामात शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं त्याची) टेस्ट मात्र सलगमध्येच बरी, मशीन कॅलिब्रेट करण्यापासून सगळं रोज हाताखालून जातं.

प्लेसमेंटचे (प्रत्यक्ष कामाच्या जागी अनुभव घेण्याचे) तास यात धरू नका, ते वेगळे असतात, सुपरवायझरची सही लागते. जिममध्ये काम करत असाल तर तेच तास चालतील का हे आधी लेखी विचारून घ्या.

लांब राहणाऱ्यांनी, लहान मुलं असणाऱ्यांनी सलग घ्या. जवळ असाल आणि प्लेसमेंट सोबतच चालू असेल तर वीकेंडच, शिकलेलं सोमवारी लगेच खेळाडूंवर वापरता येतं.