वाइन फेस्टचं पोस्टर: म्युखा, आर्ट डेको की वारली?

जानेवारीत वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू झाली की नाशिककडे फेस्टची गडबड सुरू होते आणि दरवेळी तोच प्रश्न येतो, पोस्टर जुन्या स्टाइलचं हवंय पण कुठल्या? मी पोस्टरचंच काम करतो त्यामुळे मनापासून सांगतो, आधी हे ठरवा की लोक ते बघणार कुठून, गंगापूर रोडवरून गाडीवर जाताना, गेटपाशी उभं राहून की मोबाइलवर.

म्युखा, म्हणजे आर्ट नूवो या वळणदार, वेलबुट्टीच्या स्टाइलचा चेक चित्रकार, बहुतेकांना पहिल्या नजरेत आवडतो, मलाही आवडतो. १८९५ च्या जानेवारीत पॅरिसच्या भिंतींवर त्याचं सारा बर्नहार्ट या गाजलेल्या नटीच्या नाटकाचं पोस्टर लागलं आणि तो रातोरात गाजला, पुढे रुइनार आणि मोएट ए शांदों या शॅम्पेनवाल्यांसाठीपण त्याने पोस्टरं केली, म्हणजे ह्या स्टाइलचं वाइनशी नातं ओढूनताणून आणलेलं नाहीये. द्राक्षवेलीच्या बाळ्या, म्हणजे ताणे, जशा तारेला वळसे घालतात तसेच त्याच्या चित्रांतल्या बायकांचे केस वळतात, वेल वेगळी काढायलाच लागत नाही. आणि ते पहिलं पोस्टर दोन मीटरहून उंच आणि जेमतेम पाऊण मीटर रुंद होतं, म्हणजे आपल्या स्टँडीच्या, उभ्या बॅनरच्या, जवळपासचाच आकार, गेटपाशी ठेवायला एकदम फिट. पण तेच आडव्या होर्डिंगवर ताणलं की सगळं बिघडतं, आणि मोबाइलवर नाजूक रेषांचा नुसता गुंता दिसतो. शिवाय सोनेरी रंग. मी एकदा सोनेरी बॉर्डरचं डिझाइन फ्लेक्सला दिलं आणि हातात आलं तेव्हा पूर्ण बॉर्डर मोहरीच्या चटणीसारखी, त्यामुळे म्युखा करायचा तर चांगल्या कागदावर, कमी प्रती, लोक घरी नेऊन फ्रेम करतील असा.

आर्ट डेको, म्हणजे सरळ रेषा आणि भूमितीची स्टाइल, आपल्याला परका नाहीये, मरीन ड्राइव्हच्या बिल्डिंगा बघतच मोठे झालोय, २०१८ ला युनेस्कोच्या यादीतपण गेल्या त्या. वाइनसाठी बघायचं तर कसांद्र या फ्रेंच पोस्टरवाल्याचं १९३२ चं द्युबोनेचं पोस्टर बघा, द्युबोने म्हणजे वाइनमधे क्विनाइन घालून केलेलं पेय. एकच माणूस तीन चौकटींत, पहिल्या चौकटीत तो ग्लासकडे बघतोय आणि बहुतेक नुसती बाह्यरेषाच आहे, दुसऱ्यात पितोय आणि निम्मा रंग भरलाय, तिसऱ्यात परत ग्लास भरतोय आणि तोवर स्वतः पूर्ण रंगलाय, नावाची अक्षरंपण तशीच टप्प्याटप्प्याने भरत जातात. रस्त्यावरून जाताजाता कळतं! देवनागरीलापण डेको फार छान बसतो कारण शिरोरेषा मुळातच सरळ जाड पट्टी आहे, 'द्राक्ष' मोठ्या अक्षरात लिहून बघा, त्या क्ष ची गाठ भूमितीत काय सुंदर येते. म्युखाच्या वळणाचं देवनागरी मात्र हातानेच काढायला लागतं, तयार फॉन्टवर तो फील येत नाही.

वारली सगळ्यात शेवटी घेतली कारण तिथे मला काळजी वाटते. गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, तारपा या वाद्याभोवती फिरणारा नाच, लांबून दिसतं मस्त आणि छपाईत बिघडायलाही फार काही नाही. पण तो नाच भाताच्या सुगीचा, द्राक्षाच्या मळ्याचा नाही, आणि नेटवरून उचललेल्या वारली आकृत्यांच्या हातात वाइन ग्लास दिला की मला खरंच वाईट वाटतं. जव्हार, डहाणूकडच्या वारली कलाकाराला बोलवा, मळा दाखवा, तोडणी दाखवा, त्याला जे दिसेल ते काढू दे, पैसे नीट द्या आणि नाव पोस्टरवर टाका. तेवढा वेळ आणि बजेट नसेल तर वारली नकोच.

म्हणून एकच पोस्टर सगळीकडे लावायचं असेल तर मी डोळे झाकून डेको घेईन, गेटवरची स्टँडी वेगळी जमत असेल तर ती म्युखाची. बाकी दोन गोष्टी तिन्हींना लागू. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारूच्या जाहिरातीवर बंधनं आहेत, त्यामुळे बाटली आणि ब्रँड मोठा करण्यापेक्षा घड, पान, तोडणीची टोपली ह्यावर पोस्टर उभं करा आणि छापायच्या आधी एक्साइजकडे विचारून घ्या. आणि घड काढताना लांबट हिरवे थॉमसनचे, म्हणजे खायच्या द्राक्षांचे, मणी काढू नका, शिराझ या वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, जवळजवळ काळा असतो, मळेवाल्यांना ते पहिल्यांदा दिसतं.