सोसायटीचा बॅकअप: जनरेटर, बॅटरी की मोठी टाकी?

नाशिकला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणाच्या पंपिंग स्टेशनची वीज तीन तास गेली, म्हणून नळाला पाणी फक्त तीन तास उशिरा येतं असं होत नाही. आधी जलवाहिनी भरते, मग जलकुंभ, मग भागवार व्हॉल्व्ह उघडतात. दुसऱ्या दिवशी पाणी ‘कमी दाबाने’ येतं ते त्यातूनच. त्यामुळे सोसायटीसाठी बॅकअप निवडताना किंमत आणि केव्हीए (जनरेटरची क्षमता) नंतर बघा. जे बिघडल्याने वीज-पाणी गेलं, त्याच्यासोबत निवडलेला बॅकअपही बंद पडेल का, हे आधी तपासा.

४० फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर म्हणजे दिवसाला २७,००० लिटर. पंप-मोटरची तूट धरूनही ते ३० मीटर चढवायला सुमारे ५ युनिट पुरतात.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उताराने येतं, त्याला कशाचाच आधार लागत नाही. खालची टाकी पालिकेचं पाणी बंद असताना कामाची. वीज गेली की तीही अडकते. मात्र १०,००० लिटर म्हणजे १० टन, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय वर टाकी चढवू नका.

१० युनिटची लिथियम बॅटरी आणि पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारं उपकरण) असेल, तर दिवसाचं पाणी एकदा चढतं, जिन्याचे दिवेही चालतात. व्हीएफडीशिवाय मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. गच्चीवर सोलर आहे म्हणून निर्धास्त राहू नका: साधा नेट मीटरिंगचा (जादा वीज ग्रिडला देणारा) इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःच बंद होतो.

वीज फार वेळ गेली तर आणि लिफ्टसाठी जनरेटर सरस. पण १५ केव्हीएचा सेट पूर्ण लोडवर तासाला साडेतीन-चार लिटर डिझेल खातो, आणि पेट्रोल पंपालाही वीज लागते. ऐनवेळी दगा देते ती बहुधा स्टार्टिंग बॅटरी, नाहीतर डिझेलमध्ये साठलेलं पाणी. महिन्यातून अर्धा तास लोड देऊनच चालवा. नदीकाठच्या भागात तो बेसमेंटमध्ये नकोच. गोदाकाठी पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागेल अशा पुरात सेट आणि पॅनल एकत्रच बुडतात.

आमचा कौल: आधी वरची टाकी किमान अर्ध्या दिवसाची, मग बॅटरी. जनरेटर उंच इमारतीला, किंवा घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरचा रुग्ण असेल तर.

दुसरा फीडर (वेगळी वीजवाहिनी) कुणी सुचवला, तर तो वेगळ्या ३३/११ केव्ही उपकेंद्रातून येतो का, हे महावितरणच्या उपविभागात विचारून मगच पैसे भरा.